विंगेतला मुलगा

आमच्या नाटकात मला टोरांटोहून मुलाचा फोन येतो. पलीकडे अर्थातच कोणी नसतं, संवाद फक्त माझेच. पण आमचा स्टेज मॅनेजर दिलीप कदम याला ते पटत नाही. "ताई, समोरून कोणी बोलल्याशिवाय तुमचे पॉज खरे येत नाहीत," असं म्हणून तो विंगेत उभा राहतो, फोन धरल्यासारखा हात कानाशी नेतो आणि माझा मुलगा होऊन कुजबुजतो. ते संवाद कुठेही लिहिलेले नाहीत. सगळे त्याच्या पदरचे.

बरं, काम कसं साग्रसंगीत! प्रयोगाआधी मोबाईलवर तिथलं हवामान बघणार, मग "आई, नाक गोठलंय गं!" एकदा बोरिवलीला ऐन गंभीर प्रसंगात म्हणाला, "आई, मी लग्न करतोय. मुलगी पंजाबी आहे." मला हसू आवरेना. पदरात तोंड लपवलं, तर लोकांना वाटलं बाई रडताहेत. टाळ्या पडल्या. वर हाच म्हणतो, "बघा ताई, झकास पॉज आला ना?"

त्याची नेमून दिलेली कामं थोडीच. सेट लागला का, वस्तू जागेवर आहेत का, घंटा वेळेवर झाली का. पण गडी तेवढ्यावर भागवेल तर शपथ! माझ्या साडीला फॉल लावणार, नायकाचं बायकोशी भांडण मिटवणार, खोकणाऱ्या प्रेक्षकाला अंधारात खडीसाखर नेऊन देणार. "हे आपल्या खात्यातलं नाही हां," म्हणेपर्यंत हात पुढे झालेला असतो. लष्कराच्या भाकऱ्या भाजता भाजता पन्नाशी उलटली आणि लग्न राहून गेलं. मालाडच्या दोन खोल्यांत तो आणि त्याची आई.

आई मध्यंतरात नेमानं फोन करायची, "जेवलास का रे?" आणि हा खेकसायचा, "प्रयोग चालू आहे, ठेव!" जगासाठी वेळ होता, आईसाठी तेवढा नव्हता. मी त्यावरून त्याला खूप बोलायचे.

यंदा थंडीत ती गेली. तेरावं उरकून दुसऱ्याच दिवशी दिलीप मुलुंडच्या दुपारच्या प्रयोगाला हजर.

"आज फोनचं राहू दे रे, मी निभावते," मी म्हटलं.

"काहीतरीच काय ताई! तुमची वाट लागेल ना."

फोन वाजला. दिलीप नेहमीसारखाच बोलला, थंडी, ऑफिस, बर्फ. माझं शेवटचं वाक्य ठरलेलं आहे, "जेवलास का रे?" तो "हो" म्हणतो, मी "ठेवते" म्हणते आणि दिवे मालवतात. ते वाक्य तोंडातून गेल्यावरच माझ्या लक्षात आलं, आपण काय विचारून बसलो.

विंगेतून आवाज आला, "नाही गं आई. सकाळपासून नाही."

"ठेवते" म्हणवेना.

"मग आधी जेव," मी म्हटलं. "मी फोन धरते."

नाटकातले माझे यजमान डोळे वटारून बघायला लागले. विंगेतल्या टेबलावर पुढच्या प्रवेशाचा शिरा होता, यानंच घरून करून आणलेला. दिलीपनं वाटी उचलली आणि उभ्याउभ्या खायला लागला. डोळ्यांना धार लागली होती, पण खात होता.

"सावकाश रे," मी म्हटलं आणि रिसीव्हर कानाला लावून थांबले. प्रेक्षागृहात कोणी हललंसुद्धा नाही.

"जेवलो," तो शेवटी म्हणाला. "ठेव आता."

पुढच्या प्रवेशात मी आणि यजमानांनी रिकाम्या वाटीतला शिरा चवीचवीनं खाल्ला.