दौलतरावांचा परदेश

माझं डोकं सध्या तीन शिंगांच्या एका राक्षसाच्या धडावर आहे. हा राक्षस कुठल्याशा थंड देशात पत्त्यांच्या खेळात विकला जातो आणि तिथली पोरं त्याला बघून ब्लँकेटात शिरतात, असं मला कळवण्यात आलंय. बंगळूरच्या एचएसआर लेआउटातल्या आमच्या इमारतीतून असं परस्पर निर्यात झालेलं मुंडकं माझं एकट्याचंच नाही. तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई चेटकीण झाल्या. असोसिएशनचे सेक्रेटरी दलदलीतले बेडूकमानव झाले. वॉचमन मल्लप्पा मात्र एकदम दैत्यांचा सम्राट! त्यानं ते चित्र फोनमध्ये ठेवलंय, आणि गेट उघड म्हटलं की आधी तो ते दाखवतो. "नानु राजा, सार!" म्हणजे मी राजा आहे, साहेब. आता राजाला गेट उघडायला कसं सांगणार? मीच गाडीतून उतरतो.

हे सगळे उद्योग आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या दौलतरावांचे. परदेशी कंपन्यांना ड्रॅगन, राक्षस, उडते किल्ले काढून द्यायचे, हा त्यांचा धंदा. वय पन्नाशीच्या अलीकडे, मिशा पन्नाशीच्या पलीकडे, संसार एकट्याचा. नऊ वर्षांपूर्वी राहायला आले त्या दिवशी मी शेजारधर्म म्हणून बेल वाजवली. दार उघडून ते माझ्याकडे टक लावून बघतच राहिले. मला वाटलं, कुठली तरी जुनी ओळख निघतेय. तर म्हणाले, "अण्णा, तुमचं नाक मला गुरुवारपातूर लागंल."

"आणि मी?"

"तुमी बी ऱ्हावा की. बसा, च्या ठेवतो."

आम्ही बंगळूरचे जुने मराठी. आमचे पूर्वज इथे घोड्यांवरून आले. घोड्यांचा आकडा दर पिढीत वाढत जातो. माझ्या कारकिर्दीत तो चारशेवर गेलाय. मी वाढवून सांगतो हा माझ्यावरचा आरोप जुना आहे, आणि त्यात स्वल्प तथ्य आहे. पण मराठी आम्ही घरात जपली, कन्नडच्या पाकात मुरवून का होईना. दौलतरावांना तीही पचायची नाही. माझ्या बायकोला, सरोजाला, म्हणायचे, "अक्का, अण्णा मराठी बोलाय लागलं की मला खाली सबटायटल लागतंय."

ते कोल्हापूरचे. संध्याकाळी बसमध्ये बसलं की सकाळी दारात, इतकं ते गाव जवळ. पण यांच्या तोंडी एकच पालुपद : "परदेशात हाय आपण." पाण्याचा टँकर आला नाही, परदेश. सांबारात गूळ लागला, परदेश. रिक्षावाल्यानं 'बरल्ला' म्हणून मान उडवली, म्हणजे येत नाही म्हणाला, की हे दोन दिवस निर्वासितासारखा चेहरा करून फिरणार. मी एकदा चिडून म्हटलं, "अहो, परदेश तर पासपोर्ट कुठाय?"

"पासपोर्ट लागत न्हाई त्यो परदेश लई वाईट, अण्णा. आलासा कवा, गेलासा कवा, कोण इचारत न्हाई."

संध्याकाळचा चहा ते आमच्याकडे घ्यायचे, पण सूर्य मावळल्यावर चौदा मिनिटांनी. का, तर कोल्हापुरात सूर्य इथल्यापेक्षा तेवढा उशिरा मावळतो, असा त्यांचा हिशेब. कप समोर निवत असायचा, आणि हे घड्याळाकडे बघत, "थांबा अक्का, तिकडं अजून ऊन हाय." त्यांच्या ड्रॅगनांचीही हीच तऱ्हा. एकदा कंपनीला हवा होता झेप घेणारा ड्रॅगन. यांनी काढला तो लाल मातीत उतरून, मांडीवर शड्डू ठोकून उभा. तिकडून पत्र आलं : ड्रॅगनच्या मांडीला खाज सुटली आहे का? दौलतराव आठवडाभर धुमसत होते. "ह्येंनी कुस्तीच बघिटली न्हाई तर ह्येंचं ड्रॅगन लढणार तरी कसं?"

हे झालं पोटाचं काम. रविवारी मात्र ते आतली खोली लावून घ्यायचे आणि स्वतःची चित्रं काढायचे. ती कुणाला दाखवायची नाहीत. विचारलं तर, "ती घरची हाईत." त्या खोलीत वीस फुटांचा जिवंत ड्रॅगन आहे आणि तो फक्त कांदालसूण चटणी खातो, असं मी इमारतीत पसरवलं होतं. सेक्रेटरींनी त्याचा मेन्टेनन्स लावायचा का, हा विषय सभेत घेतला, इतका माझ्या शब्दाला मान.

मागच्या महिन्यात कोल्हापूरहून त्यांच्या जुन्या मित्राचा फोन आला. मित्र तिथल्या एका चित्रशाळेचा मुख्याध्यापक झाला होता. शिकवायला ये, राहायला खोली देतो, सोमवारी दहाला फोन करतो, तेव्हा हो की नाही ते सांग. नाही म्हणालास तर दुसरा माणूस तयार आहे.

नऊ वर्षं ज्यांनी "एक बोलावणं येऊ दे, बुरूस धुवायला बी थांबायचो न्हाई" असं ऐकवलं, त्यांना ते बोलावणं आलं. इमारतीत उत्सव! सेक्रेटरींनी शाल आणली. मल्लप्पा रडकुंडीला आला, राज्य गेलं ना त्याचं. निरोपसमारंभाचं भाषण मी तयार केलं, त्यात घोडे सहाशे झाले. आणि घरी येऊन जेवायला बसलो तो ताट बाजूला सारून उठलो.

"अहो, त्यांच्या मनासारखं होतंय," सरोजा म्हणाली.

"सरी, बरंच आहे की. मी कुठे काय म्हणालो?"

आमचा मुलगा टोरांटोत. व्हिडिओवर दिसतो, तोही कपाळापासून वर. संध्याकाळी दारावर थाप मारून आत येणारा माणूस आम्हाला एकच होता.

सोमवारी साडेनवाला सरोजानं इडल्यांचा डबा देऊन मला समोर पाठवलं. "काय ठरलं ते विचारा. आणि तोंड वाईट करू नका." दौलतरावांनी दार उघडलं. मागे दोन बॅगा भरलेल्या होत्या, आणि ती खोली सताड उघडी होती.

"जावा की आत," ते म्हणाले. "आता काय लपवायचं?"

भिंतींना टेकवून वीस-पंचवीस चित्रं ठेवली होती. ड्रॅगन नाही, शिंगं नाहीत. सगळं कोल्हापूर. रंकाळ्याचा काठ. तालमीची पायरी. दारात म्हैस उभी करून धारोष्ण दूध देणारा कट्टा. रंग असे की म्हशीच्या श्वासाची वाफ हाताला लागावी. मी चष्मा पुसला आणि जवळ गेलो.

कट्ट्यावर दुधाचा पेला तोंडाला लावून उभा होता तो मल्लप्पा. मिशीवर फेस आलेला. तालमीच्या पायरीवर पोरांचे दात बघत होत्या त्या डॉक्टरीणबाई. सेक्रेटरी रंकाळ्यात पाय सोडून बसले होते, आणि काय सांगू, देखणे दिसत होते. सरोजा एका घराच्या उंबऱ्यावर शेंगा सोलत होती. सगळ्यांचे चेहरे जसेच्या तसे, माणसांचे. कोल्हापुरातला म्हणावा असा चेहरा मात्र एकाही चित्रात नव्हता.

"दौलतराव, तुमची तिकडची माणसं कुठायत?"

ते खिडकीशी उभे होते.

"समोर बघिटल्याबिगर मला मानूस काढता येत न्हाई, अण्णा. राक्षस असू दे, न्हाईतर घरचं. आई गेली. दोस्त पुण्या-मुंबईला. गेल्या दिवाळीला गेलतो. कट्ट्यावर तासभर हुबा होतो. 'कवा आलास रं?' म्हणून एकानं इचारलं न्हाई. दूधवाल्यानं इचारलं, 'पाव्हणं, कुठलं?'"

त्यांनी हसायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

ईझलवर एक चित्र अर्धवट होतं. रंकाळ्याचा कठडा, उतरतं ऊन, आणि कठड्यावर मी. नाक कान सगळं नीट, पण बाही मनगटाशी संपत होती. पुढे हात नव्हते. माझ्या शेजारी एका माणसाची जागा कोरी सोडलेली.

"हात ऱ्हायलं," ते म्हणाले. "बसता का?"

मी स्टुलावर बसलो. इडल्यांचा डबा त्यांनी काढून बाजूला ठेवला, माझे हात माझ्या मांडीवर नीट मांडले आणि ब्रश उचलला. तेवढ्यात समोरच्या बॅगेवर ठेवलेला फोन वाजायला लागला. दहा वाजले होते. मित्राचं नाव मला बसल्या जागेवरून दिसत होतं.

"हलू नका, अण्णा," ते म्हणाले. त्यांनी फोनकडे बघितलं नाही. माझ्या हातांकडेच बघत होते.

उचला, असं मी म्हणायला हवं होतं. शेजारधर्मानं, वयानं, कशानंही. मिनिटभर वाजला असेल तो फोन; मी इतरांना सांगताना अर्धा तास सांगतो. मग थांबला. पुन्हा एकदा वाजला.

मी हललो नाही.