गौराबाईंच्या पत्र्यातून गेलेली उल्का

उमरग्याचे कृष्णराज हे मराठवाड्यातले पहिले शास्त्रीय गुप्तहेर होते. हे त्यांनीच जाहीर केलं होतं आणि अजून कुणी हरकत घेतली नव्हती. पावलाच्या ठशावरून म्हैस किती दूध देते हे ते सांगत. आपला चष्मा आपल्याच कपाळावर आहे हे मात्र मेव्हण्याला सांगावं लागे. मेव्हणा म्हणजे लिंबाजी. बहीण दिली आणि वर मोटारसायकल चालवायचं कामही गळ्यात पडलं, असं त्याचं दुखणं होतं.

सास्तूरला शरणबसप्पांच्या घराला लागून पत्र्याचं स्वयंपाकघर होतं. त्या पत्र्याला भोक पडलं, म्हणून कृष्णराजांना बोलावणं गेलं होतं. भोक पडलं तेव्हा बायको गौराबाई सोनारीला काळभैरवाच्या दर्शनाला गेलेल्या, शरणबसप्पा घरात एकटे. "धाडकन आवाज झाला," ते पायाच्या अंगठ्याकडं बघत म्हणाले. "वरनं कायतरी आलं."

दारात गाठोडं बांधून ठेवलेलं होतं. दर्शनाहून परतलेल्या गौराबाई म्हणाल्या, "भुकंपात घर बसलं, तवापासून जिमिनीवर भरवसा न्हाय. आता आभाळबी गेलं. उल्काच असंल तर म्या लेकीकडं सोलापूरला चालले, कायमची."

शरणबसप्पांचा चेहरा उतरला. लिंबाजीला म्हाताऱ्याची दया आली. कृष्णराजांना आनंद झाला.

"मावशी, आकाशातून पृथ्वीवर रोज टनांनी धूळ पडते. लोणारला मोठा नग पडला, तळं झालं. हा किरकोळ नग आहे."

"मग पडलेला नग कुठाय, दाजी?" लिंबाजीनं विचारलं.

कृष्णराजांनी दोरीला लोहचुंबक बांधून अंगण फिरवलं. चार खिळे आणि बैलाचा एक नाल सापडला. म्हणजे उल्का जमिनीत खोल गेली असणार. पण भोकाखालच्या ओट्याला साधा ओरखडाही नव्हता. म्हणजे ती चोरीला गेली. शेजारच्यांच्या कडबाकुट्टीच्या यंत्रावर संशय घेऊन झाला. मग कृष्णराज स्वतः पत्र्यावर चढले, आणि भोकाच्या कडेला अडकून त्यांची पँट गुडघ्यापाशी फाटली.

"दाजी, कडा वर आल्यात," खालून लिंबाजी म्हणाला.

"दिसतंय. उल्का आत आली, तिला जागा आवडली नाही, ती परत गेली." भोकाजवळ पडलेला अंगठ्याएवढा धातूचा तुकडा त्यांनी खाली फेकला. "हा कारखान्यातला माल. तपासाशी संबंध नाही. टाकून दे."

लिंबाजीनं तो खिशात टाकला. दाजींनी टाकलेल्या वस्तू जपून ठेवायची त्याला सवय होती.

खाली उतरून कृष्णराजांनी निकाल दिला: उल्काच. गौराबाईंनी मान हलवली आणि गाठोड्याला आणखी एक गाठ मारली. पण दारी आलेला माणूस उपाशी पाठवायची त्यांची रीत नव्हती. जाता जाता वरण-भात टाकावा म्हणून त्यांनी मांडणीमागून कुकर काढला. झाकण हातात घेऊन त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं.

"ह्याची शिट्टी कुठाय?"

लिंबाजीनं खिशात हात घातला आणि तो तुकडा ओट्यावर ठेवला. त्याच्या बुडाला तुरीची डाळ वाळून चिकटली होती.

गौराबाईंनी शिट्टीकडं पाहिलं, मग भोकाकडं, मग नवऱ्याकडं. "म्हंजे वरनं कायबी आलं न्हाय?"

"न्हाय," शरणबसप्पा पुटपुटले. "म्या डाळ लावली होती. तू दमून येशील म्हणून."

"कुकरला हात लावू नका म्हणलं होतं."

"म्हणूनच सांगितलं न्हाय."

"आन् म्या सोलापूरला निघाले होते, तरी गप?"

"तू गेली असतीस," म्हातारा म्हणाला, "तर म्या गाठोडं घेऊन मागं आलोच असतो. पर शिट्टीचं सांगायला जीभ रेटंना."

गौराबाईंना हसू आवरेना, आणि डोळ्यांतलं पाणीही. त्यांनी गाठोड्याची गाठ दातांनी सोडली, शिट्टी घासून झाकणावर बसवली आणि नवऱ्याला सांगितलं, "हितं बसून नीट बघा. किती डाळ, किती पाणी."

पहिली शिट्टी झाली तेव्हा कृष्णराज अंगणात पळाले. परत आत यायला त्यांना जरा वेळ लागला.

उमरग्याच्या वाटेवर त्यांनी फाटक्या गुडघ्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "लिंबाजी, उल्का होती, हे माझं बरोबर होतं. फक्त दिशा चुकली. धोका पृथ्वीला नव्हता, आभाळाला होता."

"व्हय, दाजी," लिंबाजी म्हणाला. "चष्मा कपाळावर हाय."