चोवीस लिंबांची कक्षा

शुक्रवार पेठेतल्या गच्चीवरच्या खोलीत बसून जोतिराम अजून कुणी न बांधलेली यंत्रं आखायचा. गोलाकार मांडलेले लोहचुंबक आणि त्यांच्यामधून धावणारा कणांचा झोत. चुंबकांची ताकद कायम तेवढीच ठेवायची आणि झोताचा जोर वाढला तरी तो रिंगणातून सुटू द्यायचा नाही, एवढंच त्याचं काम. पगार परदेशातला, सोबती लॅपटॉपच्या पडद्यावरचे. तीन महिन्यांत त्याच्या दारावर फक्त गॅसवाल्यानं थाप मारली होती, तीही चुकून.

त्या शनिवारी सकाळीच लाइट गेली आणि लॅपटॉपनं मान टाकली. पडद्यावरचा झोत तीन आठवडे भरकटत होता, तो का, हे काही कळेना. शेवटी गच्चीवरच मांडून बघावं म्हणून जोतिरामनं विटेच्या तुकड्यानं मोठं रिंगण काढलं. चुंबक हवे होते चोवीस, म्हणजे बारा जोड्या. आईनं मंद्रूपहून धाडलेल्या पिशवीत लिंबं होती बरोबर चोवीस. पिवळं झोताला आत वळवणारं, हिरवं थोडं बाहेर लोटणारं. कागदावरचे आकडे बघून त्यानं ती मांडली आणि स्वतःच कण होऊन, पुटपुटत, दर फेरीला थोडा बाहेर सरकत फिरू लागला. त्या दिवशी अमावस्या होती. कॅलेंडर त्याच्या खोलीत नव्हतंच.

मालकीणबाई सावित्रम्मा पापड वाळत घालायला वर आल्या. ताट पायरीवरच ठेवून त्या खाली गेल्या आणि पाच मिनिटांत इस्त्रीवाल्या शिवानंदला आणि शेजारच्या सिद्धम्माला घेऊन परत आल्या.

"काय हाय हे?" शिवानंदनं जिन्यातूनच विचारलं.

जोतिरामला भरून आलं. त्याच्या कामाबद्दल समोर उभं राहून कुणी विचारण्याची ही पहिलीच वेळ होती. आता सगळं नीट सांगायचं, असं त्यानं ठरवलं आणि तिथंच घोटाळा झाला.

"यातून एक गोष्ट फिरते. डोळ्यांना दिसत नाही."

"दिसत न्हाई?"

"नाही ना! पण दर फेरीला तिला जोर चढतो. जोर चढला की ती बाहेर बाहेर येते."

"आन पुरती भायेर आली की?"

"मग माणसावर सोडायची. आजारी माणसावर. वरून काही दिसत नाही, आतल्या आत काम करते."

"अगं बाई! सोमवारपास्नं माजा गुडगा दुखतुया, त्यो तुज्यापायी व्हय रं!" सिद्धम्मा किंचाळली.

"अहो, हा झोत कॅन्सरसाठी आहे!"

"आता कॅन्सर पण!" सावित्रम्मा म्हणाल्या. "संध्याकाळच्या आत खोली खाली करा."

"आदी उतरवून घ्या की," शिवानंद म्हणाला. "हितं जवळच मंद्रूपला एक धनगर म्हातारा हाय, लई जाणता. आत्ता आणतो." आणि त्यानं गाडीला किक मारली.

जोतिराम टाकीच्या सावलीला बसला. मोबाइलमध्ये चार टक्के चार्जिंग उरलं होतं. त्यानं नावं वरपासून खालपर्यंत बघितली. 'मला खोलीतून काढतायत' असं ज्याला सांगावं, असं एकही नाव त्याला सापडलं नाही.

दीड तासानं जिन्यात काठी वाजली. खांद्यावर घोंगडं टाकून मायाप्पा वर आला. मायाप्पा, म्हणजे जोतिरामचा बाप! 'एकदा या' म्हणून तीन महिने विनवलं तर 'मेंढरं कोण बगंल?' म्हणणारा हा माणूस इस्त्रीवाल्याच्या गाडीवर बसून हजर झाला होता. जोतिराम तोंड उघडणार, तोच म्हाताऱ्यानं डोळे वटारले. जाणत्याचंच पोर लिंबं मांडतंय म्हटल्यावर दोघांचीही पत गेली असती.

"पोरगा वाईट नाही बाबा," सावित्रम्मा म्हणाल्या, "पण याला कुणी आहे की नाही, देव जाणे. तीन महिन्यांत एक माणूस फिरकलं नाही."

मायाप्पानं काठी कठड्याला टेकवली. मग रिंगणाभोवती हळूहळू फिरत तो जोतिरामजवळ येऊन वाकला.

"तुज्या आयनं चोवीस धाडली. चोवीसच्या चोवीस हितं. एकबी कापलं न्हाईस?"

"एकट्यासाठी काय कापायचं, आप्पा?"

"आन मांडलंस काय हे?"

"मळणीच आहे. मधला खांब हलत नाही, बैल बाहेर बाहेर सरकत जातो."

"मंग बैल एकलाच का जुपलास?" म्हातारा पुटपुटला.

मग तो ताठ उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "उतरवाय बारा दिस लागत्याल. रोज सांजच्याला एक जोडी उचलून कापायची. तुमच्यापैकी एकानं हितं बसून ह्येच्यासंगं सरबत प्यायचं. गुमान न्हाई, बोलत. जेवला का, त्ये इचारायचं. एक दिस चुकला, तर पयल्यापास्नं."

"आणि खोली?"

"तवर त्येला हलवायचं न्हाई."

पहिल्या दिवशी शिवानंदनं डोळे मिटून एका घोटात सरबत संपवलं आणि 'जेवला का?' हे जिना उतरता उतरता विचारलं. दुसऱ्या दिवशी सिद्धम्मा गुडघा धरून आली आणि तासभर गुडघ्याविषयीच बोलली. पाचव्या दिवशी सावित्रम्मांनी उरलेल्या लिंबांकडे बोट दाखवलं. "सगळीकडं पिवळं आधी, मग हिरवं. इथंच उलटं का?" जोतिराम पेला तसाच ठेवून लॅपटॉपकडे धावला. आकड्यांतही ती जोडी उलटीच पडली होती. त्या संध्याकाळी झोत सगळ्या फेऱ्या न भरकटता धावला आणि जोतिराम तो पडदा सावित्रम्मांना पुन्हा पुन्हा दाखवत राहिला. बाराव्या दिवसापर्यंत लिंबं वाळून गेली होती. शेवटच्या जोडीतून चमचाभर रस निघाला, तो त्या तिघांनी आणि जोतिरामनं वाटून घेतला.

तेराव्या दिवशी कुणी आलं नाही. येण्याचं कारणच उरलं नव्हतं. जोतिराम आठ वाजेपर्यंत जिन्याकडे कान लावून बसला, मग त्यानं घरी फोन केला.

"आई, लिंबं संपली."

"चोवीसच्या चोवीस?" सोजरबाईंचा विश्वास बसेना.

"हो. आणखी धाड. आप्पांच्या हातीच धाड."

दोन दिवसांनी सावित्रम्मा पापडांचं ताट घेऊन वर आल्या. गच्चीवर ताजी चोवीस लिंबं रिंगणात मांडलेली होती आणि जोतिराम शेजारी साळसूदपणे उभा होता. त्या क्षणभर बघत राहिल्या. मग कठड्यावरून वाकून त्यांनी हाक मारली,

"शिवानंद, पुन्हा मांडलीत रे यानं! येताना साखर आण."