सासूबाई, जावईबापू आणि पुढचा एक्सल

गारिकाईचं म्हणणं असं, की माणसाला बायको सांभाळता येते तर गाडी का येऊ नये? मुतारे शहरातल्या मेकॅनिककडे एक्सल बदलायला टाकली की गाडी आठ दिवस त्याच्या अंगणात, आणि तिच्यात त्याच्या कोंबड्या अंडी घालतात.

"दोन तासांचं काम," तो शनिवारी सकाळी बायकोला, रुदोला म्हणाला. "सहाला सुरू, आठला चहा, नऊला रुसापेच्या वाटेवर."

रुसापेला दोन वाजता रुदोच्या भाचीचं लग्न होतं. रुदोची आई तिथे पोचल्याशिवाय विधी सुरू होणार नव्हता, आणि तिला आपल्या गाडीतून नेण्याचा शब्द गारिकाईने चारचौघांत दिला होता. गाडी बावीस वर्षांची. वळण आलं की पुढच्या डाव्या चाकातून कोणी सुपारी फोडतंय असा आवाज यायचा.

सासूबाई आंब्याखाली चटईवर बसल्या होत्या. डोक्यावर लग्नाची निळी टोपी, मांडीवर पिशवी. जावयाने सासूशी थेट बोलायचं नाही, नजर वर करायची नाही, ही रीत दोघंही काटेकोर पाळत. जे काही बोलायचं ते रुदोमार्फत.

गारिकाईने आधी गाडी जॅकवर उचलली, चाक काढलं आणि मग मधल्या मोठ्या नटाला पाना लावला. जोर लावला की नटाबरोबर सगळंच गरगर फिरायचं.

"रुदो," चटईवरून आवाज आला, "जावईबापूंना सांग, नट सोडवायचा तो चाक जमिनीवर असताना."

"अहो, आई म्हणते..."

"त्यांना सांग, मला ठाऊक आहे. मी फक्त पाहत होतो."

त्याने चाक परत लावलं, गाडी खाली घेतली, पान्याला चार हात लांब पाइप जोडला आणि त्यावर लोंबकळला. नट ढिम्म. मग तो पाइपवर उभा राहून उड्या मारू लागला. शेजारचे मास्तर कुंपणापाशी येऊन टोपी काढून उभे राहिले. त्यांना वाटलं, एखादी प्रार्थना चाललीय.

"रुदो, त्या नटाची कड खाचेत ठोकलेली असते. ती आधी छिन्नीने उचला म्हणावं."

कड उचलली. नट लोण्यासारखा सुटला. गारिकाईने पहिल्यांदाच चटईकडे चोरून पाहिलं. सासूबाई भुईमुगाच्या शेंगा सोलत होत्या.

पुढे गाडी पुन्हा उचलून जुना एक्सल उपसताना गिअरबॉक्समधलं तेल त्याच्या मानेवरून थेट बनियनमध्ये गेलं. तेवढ्यात चुलीवरचा मक्याच्या पिठाचा साद्झा करपल्याचा वास आला आणि रुदो आत पळाली. आता निरोप्याच उरला नाही. नवा एक्सल अर्धा आत जाऊन अडकला होता. गारिकाई गाडीखालून ढकलत होता, कण्हत होता. साडेदहा वाजले होते.

सासूबाईंनी थोडा वेळ वाट पाहिली. मग त्या जवळच्या कोंबडीला म्हणाल्या, "बाई गं, एक्सलच्या टोकाला एका बाजूने उघडी कडी असते. तिचं तोंड खाली नसेल तर ती जन्मात आत जायची नाही."

गाडीखाली कडी फिरवल्याची खरखर झाली. मग गारिकाईही कोंबडीलाच म्हणाला, "खाली केलंय. पण माझा हात पुरत नाही."

टोपी चटईवर उतरली. सासूबाईंनी लुगड्यासारखं गुंडाळलेलं वस्त्र गुडघ्याशी कसलं, चाकाच्या जागेसमोर मातीत बसकण मारली, एक्सलला टाच टेकवली आणि एकच रेटा दिला. आतून टक् असा आवाज आला. इतका गोड आवाज गारिकाईने आयुष्यात ऐकला नव्हता. रीत विसरून तो सरळ त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिला.

"आंबुया," तो म्हणाला. सासूला रीतीनुसार हाक तीच, फक्त ती थेट मारायची नसते. "सासरे एवढे नावाजलेले मेकॅनिक. त्यांनी शिकवलं तुम्हाला?"

"त्यांना स्टेपनी बदलता येत नव्हती," सासूबाई हात पुसत म्हणाल्या. "न्यांगाच्या घाटात आमचा टोमॅटोचा टेम्पो दर आठवड्याला बसायचा. मी खाली शिरायची, ते वर उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना पाना दाखवायचे. गावाला वाटलं, माणूस मोठा कारागीर. वाटू दिलं. त्यांना फार आनंद व्हायचा त्याचा."

ज्या सासऱ्यांच्या समाधीवर गावाने पाना कोरला होता, त्यांचं हे सगळं ऐकताना गारिकाईच्या अंगावर तेलाखालीही काटा आला.

उरलेलं काम सासूबाईंच्या देखरेखीखाली पाऊण तासात झालं. गाडी रुसापेला पावणेदोनला पोचली, वळणावळणाला गप्प.

मांडवात सासूबाईंनी टोपी नीट केली आणि जमलेल्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "जावईबापूंनी आज स्वतः एक्सल बसवला."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गारिकाईने मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला. जेवणाची ताटं येईपर्यंत तीन मामा आणि एक पाद्री आपापल्या गाड्यांच्या किल्ल्या घेऊन त्याच्याभोवती उभे होते. एकाने बॉनेटही उघडलं. गारिकाईने आत डोकावून गंभीरपणे "हं" म्हटलं. मग तो रुमालाने बॉनेट पुसू लागला.

तेवढ्यात भाताचं ताट घेऊन सासूबाई तिथून गेल्या. त्याच्याकडे न पाहता त्या रुदोला म्हणाल्या, "पाहुण्यांना सांग गं, जावईबापूंना जेवू द्या. ते दिवसाला एकच गाडी करतात."