रजनी परबची रेंज

सतराचा पाढा येत नसेल, तर आमच्या बिल्डिंगीत तुमचं वायफाय नीट होणार नाही. मी थट्टा करत नाहीये. बोरीवलीला, नॅशनल पार्कच्या अंगाला आमची चार मजल्यांची सोसायटी आहे. तिथे कुणाचंही नेट अडकायला लागलं की पहिला फोन कंपनीला जात नाही, तिसऱ्या मजल्यावरच्या रजनी परबला जातो. रजनी हातात खडू घेऊन येते. घरातल्या एका माणसाला लांबच्या कोपऱ्यात उभं करते, त्याच्या मोबाइलवर व्हिडिओ कॉल लावते, स्वतः राउटरपाशी उभी राहते आणि सांगते, "बोला. सतरा एके."

मग तो माणूस पाढा म्हणत घरभर फिरतो. सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एक्कावन्न. जिथे आकडा गिळला गेला तिथे रजनी त्याला थांबवते आणि लादीवर खडूने फुली मारते. तासाभरात त्या घराची लादी अशी दिसते, जणू पोरींनी लंगडी खेळायला आखली आहे.

पाढाच का, असं मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, गप्पा मारताना एखादा शब्द गळला तर आपला कान तो मनानेच भरून काढतो, कळतसुद्धा नाही. पाढ्यात गळला की भोक लगेच दिसतं. माझी सून केतकी कॉम्प्युटरवर काम करणारी, तिने मोबाइलमध्ये स्पीड मोजायचं काहीतरी उघडून दाखवलं. रजनीने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, "आकडे कसले दाखवतेस? कान दे." केतकी म्हणाली, पण मावशी, पाढा म्हणजे आकडेच ना? रजनी तिच्याशी चार दिवस बोलली नाही.

कानाचं तिचं खरं होतं. एकतीस वर्षं ती अंधेरीच्या एका औषध कंपनीत टेलिफोनच्या बोर्डावर ऑपरेटर होती. तिने लग्न केलं नाही. नोकरी सुटली, पण बोर्ड काही सुटला नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये दोन माणसं एकदम बोलायला लागली की ही हात वर करून म्हणते, "एका वेळी एकच लाइन." माझ्या घरून निघताना बाकीच्या बायका "येते गं" म्हणतात, रजनी दारात चप्पल घालता घालता म्हणते, "बरं शकू, ठेवते." शकू म्हणजे मी. एका हॉस्पिटलात आयाचं काम करून रिटायर झालेली, सातवी शिकलेली आणि तिच्या मते फार बोलणारी. आम्ही दोघी एका वयाच्या. ती मालवणी, मी घाटावरची, त्यामुळे भांडायला विषय कधी कमी पडत नाहीत.

तिने काय काय शोधून काढलं ते सांगते. पहिल्या मजल्यावरच्या शहांनी राउटरवर क्रोशाचं झाकण घातलं होतं आणि वर पितळेचा हत्ती ठेवला होता. मोठ्या शहाबेनना पाढे फक्त गुजरातीत येतात, तर रजनीने दोन दिवस बसून गुजराती सतरा पाठ केला आणि मग हत्ती हलवला. एकदा पार्कातल्या माकडांनी गच्चीवरची वायर ओरबाडली, ते हिने खाली घरात बसून ओळखलं. म्हणाली, हा आवाज राउटरचा नाही, हा झोका खाणारा आवाज आहे. वर गेलो तर खरंच वायर लोंबकळत होती.

आमच्याकडे केतकीची मीटिंग रोज सव्वा वाजता तुटायची. बाकी दिवसभर ठीक. ती बिचारी साहेबापुढे माफी मागून थकली. रजनी तीन दिवस आमच्याकडे सव्वाला येऊन बसली. तिसऱ्या दिवशी मी भाजी गरम करायला मायक्रोवेव्ह लावला आणि ती उठून उभी राहिली. "शकू, चोर घरातच आहे," म्हणाली, "आणि तो तूच." राउटर मी फ्रिजवर, डब्यांच्या चळतीमागे ठेवला होता आणि मायक्रोवेव्ह त्याला खेटून. तेव्हापासून माझी भाजी गॅसवर गरम होते.

चुकली नाही असं नाही. चौथ्या मजल्यावर एक नवं जोडपं राहायला आलं. तिथला प्रणव पाढा म्हणताना दर वेळी सतरा सातेपाशी गळायचा. बेडरूममध्ये गळला, गॅलरीत गळला, राउटरला टेकून उभा केला तरी गळला. रजनीने चार वेळा राउटरची जागा बदलली, भिंतीला भोक पाडायला लावलं. शेवटी प्रणवने जिन्यात मला गाठून हळूच सांगितलं, "काकी, मला सहाच्या पुढे येतच नाही हो." मी रजनीला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, भोक बुजवायला सिमेंट माझ्याकडे आहे.

आता गंमत अशी की सगळ्यांची रेंज सुधारणाऱ्या या बाईच्या स्वतःच्या घरात मात्र रेंज टिकत नव्हती. निदान आम्ही तरी रोज तसंच ऐकत होतो. दुपारी चारला तिच्या ताईचा व्हिडिओ कॉल येतो. ताई तिच्याहून अकरा वर्षांनी मोठी, गावी कुडाळकडे पुतण्याच्या कुटुंबात असते. आई लवकर गेली, ताईनेच रजनीला वाढवलं, शिकवलं, मुंबईला धाडलं. दिवसभरात रजनीला काहीही सांगा, चारच्या आत उरकायचं. चारला तिचं दार उघडं असतं आणि जिन्यात ऐकू येतं, "थांब गो ताई, माझी रेंज गेली." पाच मिनिटांनी परत, "थांब हां, गेली." त्या अर्ध्या तासात पाच-सहा वेळा तरी. मग कॉल संपला की रजनी राउटर उचलून दुसरीकडे ठेवायची. कपाटावर, खिडकीत, एकदा तर कपडे वाळत घालायच्या दांडीला पिशवीत टांगलेला मी पाहिला.

मला वाईट वाटायचं. दिवसातला तेवढाच अर्धा तास ती बहिणीशी बोलणार आणि तोही असा तुकड्यातुकड्यांनी. या वर्षी तो जरा जास्तच तुटायला लागला होता. मी केतकीला म्हटलं, हिने आपल्या सगळ्यांची घरं मार्गी लावली, आता हिचं आपण करू. तिला न सांगता आम्ही एका वायफायवाल्याला नवा मोठा राउटर घेऊन बोलावलं. साडेतीनची वेळ दिली. चाळिशीचा, चष्मा लावणारा, शहाणा गृहस्थ होता.

रजनीने दार उघडलं आणि मला न् त्या गृहस्थाला पाहून तिचा चेहरा उतरला. मला नको, म्हणाली. मी म्हटलं, असं कसं नको, तुला नको तर ताईसाठी घे. ती म्हणाली, पाचनंतर या. तो म्हणाला, मॅडम, मला पाचला मालाडला जायचंय, दहा मिनिटांचं काम आहे. आणि मी, शहाणी, त्याला आत घेऊन गेले.

दहा मिनिटांचं काम कधी दहा मिनिटांत होतं का? तो खोल्याखोल्यांतून मोबाइल धरून फिरत होता, स्वतःशीच मान हलवत होता. चार वाजले. फोन वाजला. रजनीने तो घेतला, मी तिच्या शेजारी सोफ्यावर बसले. तोपर्यंत ताईंना मी कधी पाहिलं नव्हतं. पांढरेशुभ्र केस, मोठं कुंकू, मागे अंगण आणि दोरीवर एक पंचा.

ताई छान बोलत होत्या. यंदा ऊन कसं कडक आहे, पुतण्याची धाकटी कशी सायकल शिकते आहे. मग म्हणाल्या, "आणि गो, ह्या वर्साक मी अंगणात ती घातलंय वाळत... ती..." आणि थांबल्या.

रजनी लगेच म्हणाली, "थांब गो ताई, माझी रेंज गेली."

तेवढ्यात आतल्या खोलीतून तो गृहस्थ बाहेर आला आणि मोबाइल पुढे करून म्हणाला, "कुठे गेली मॅडम? रेंज फुल्ल आहे. अख्ख्या बिल्डिंगमध्ये तुमच्यासारखी लाइन नसेल."

रजनीने फोन कापला. एकतीस वर्षांत चुकूनसुद्धा कुणाची लाइन तोडली नाही, असं अभिमानाने सांगणारी बाई, तिने अंगठ्याने बहिणीचा फोन कापला.

त्या गृहस्थाने आपलं सामान आवरलं. काही बिघाडच नाही तर मी लावू काय, असं तो मला दारात हळू आवाजात म्हणाला आणि गेला.

मी परत आले तर रजनी फोन मांडीवर घेऊन बसली होती. काय झालं ते विचारायची गरज नव्हती. पाहिलं होतं ना मी. ताई थांबल्या तेव्हा मागचा पंचा वाऱ्यावर हलत होता. एक कोंबडी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली होती. चित्र कुठेही अडकलं नव्हतं. हॉस्पिटलात मी अशी, बोलता बोलता शब्द हरवणारी माणसं उशाशी बसून पाहिली आहेत.

"कधीपासून?" एवढंच म्हटलं मी.

वर्ष झालं, म्हणाली. आधी नावं जायला लागली, मग वस्तू. घरातले वाईट नाहीत, पण सगळ्यांना घाई. ताई अडली की चार जण चार शब्द पुढे करतात, पोरं हसतात. मग ताईने बोलणंच सोडलं. दिवसेंदिवस गप्प बसून राहायची.

"शब्द हातात दिला की ती मिटून घेते गो," रजनी म्हणाली. "तिचा तिला सापडला पाहिजे. सापडतो. फक्त वेळ लागतो. माझी रेंज गेली म्हटलं की तिला वाटतं, थांबलंय ते मुंबईत थांबलंय."

मी विचारलं, मग तो राउटर का हलवत बसतेस? तर म्हणाली, ताई रोज विचारते ना, आज खंय ठेवलंस तो डबो. तिला खोटं काय सांगायचं?

मला हसू आलं आणि डोळेही भरून आले. तेवढ्यात फोन परत वाजला.

पडद्यावर ताई. कपाळाला आठी. "तो बापयो कोण गो थंय? रेंज फुल्ल म्हणा होतो तो?"

रजनीने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. आमच्या बिल्डिंगीत कुणालाही विचारा, शकूच्या पोटात काही राहत नाही. ते रजनीलाही माहीत होतं.

मी फोनपुढे तोंड नेलं. "ताई, मी शकू, शेजारीण. अहो, तो वायफायवाला होता. माझ्या घरची रेंज फुल्ल आहे म्हणत होता. हिच्या लाइनीपुढे त्याने हात टेकले. म्हणाला, या घराला काही इलाज नाही."

ताईंच्या कपाळावरची आठी गेली. हसल्या, सगळे दात दाखवून. "मी सांगतंयच हिका. तुमच्या मुंबयचा काय खरा नाय. आमच्या हयसर बघा कसा साफ दिसता."

"दिसतंय ना," मी म्हटलं. "तुमची कोंबडीसुद्धा दिसली."

"असूंदे. काय सांगी होतंय मी?" ताई म्हणाल्या. "हां. ह्या वर्साक मी अंगणात ती..."

पंचा हलत होता. ताईंचे ओठ जरा उघडे, नजर कुठेतरी वर. रजनीच्या बोटांनी फोन घट्ट धरला होता. तिने तोंड उघडायच्या आत मीच म्हटलं, "ताई, जरा थांबा हां. आमची रेंज गेली."

आणि मी गप्प बसले.