दोन जेवणांमधली जीप

पुंजाजीभाऊंना अंतर किलोमीटरमध्ये सांगितलेलं कळत नाही. त्यांना ते जेवणात सांगावं लागतं. मानोरा म्हणजे त्यांच्या लेखी "चहा पेऊन जा, चहाले वापस या." वाशीम म्हणजे "जेवून निंगा, भूक लागाच्या आत घरी." अकोल्याला जायचं तर "सोबत चिवडा असला तं बरा." एकदा शेलूबाजारच्या चौकात एका मोटारसायकलवाल्यानं त्यांना विचारलं, "काका, कारंजा किती दूर आहे?" भाऊंनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि उलट विचारलं, "तू जेवला कवा?"

त्या बिचाऱ्याला वाटलं, म्हातारा जेवायला बोलावतोय. तो लाजून "नाही नाही, राहू द्या" म्हणत निघून गेला. भाऊ माझ्याकडे वळून म्हणाले, "पाहा मास्तर, आजकालच्या लोकायले रस्ता बी धड इचारता येत नाही."

मी इथल्या शाळेत विज्ञान शिकवतो आणि माझी नि भाऊंची भिंत एक आहे. भिंत एक असली की माणसाला फारसे पर्याय उरत नाहीत. गेली तीन वर्षं माझे निम्मे रविवार भाऊंच्या जीपच्या खाली गेले आणि उरलेले तिला मागून ढकलण्यात. बायको म्हणते, तुम्हाला नाही म्हणता येत नाही. तिला हो म्हणतानाही माझी हीच अडचण झाली होती, पण ते मी बोलत नाही.

या जीपनं बावीस वर्षं शेलूबाजार ते मानोरा सवारी वाहिली. बसायला जागा नऊ जणांची, बसायचे सतरा, आणि बाजाराच्या दिवशी दोन बकऱ्या वेगळ्या. चाळीसच्या वर ती कधी गेली नाही. घाई असलेला माणूस भाऊंच्या जीपला हात दाखवायचा नाही, तो पायी निघायचा. पुढे नव्या गाड्या आल्या, भाऊंचे गुडघे दुखायला लागले आणि जीप अंगणातल्या कडुनिंबाखाली उभी राहिली ती राहिलीच. इंजिनात कोंबड्या अंडी घालू लागल्या. भंगारवाला दर दिवाळीला येऊन विचारायचा आणि भाऊ त्याला दर दिवाळीला चिवडा खायला घालून परत पाठवायचे.

चार वर्षांपूर्वी काकू, म्हणजे भाऊंची बायको, गेल्या. त्यानंतर वर्षभरानं एका सकाळी भाऊंनी भिंतीवरून मान वर काढली.

"मास्तर, जीप काढतो. नागपूरले जाची अन् वापस याची. दोन जेवणाच्या मंधात."

"कशाला?"

"वर्षाले भेटाले. मले घाई नाही, पण टाइम नाही."

मले घाई नाही, पण टाइम नाही. हे वाक्य मी पुढच्या तीन वर्षांत इतक्या वेळा ऐकलं की एकदा वर्गात माझ्याच तोंडून निघालं.

वर्षा ही भाऊंची एकुलती एक लेक. लग्न होऊन नऊ वर्षं झाली, सासर नागपूरचं, नवरा चांगला, पण मूल नाही. त्यात सासू अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे तिला माहेरी यायला सवड नाही. भेटायचं तर भाऊंनीच जायचं, आणि इथे आडवी आली रीत. आमच्याकडे जुनी माणसं पाळायची, लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं अन्न खायचं नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही. आता कोण पाळतं? काही बाप तर साक्षगंधापासूनच व्याह्याच्या घरी आडवा हात मारतात. पण भाऊ पाळत होते. बसनं गेलं की अख्खा दिवस मोडतो, मुक्काम पडतो, आणि मुक्काम म्हटला की ताट पुढे येतं.

चाकाचे नट ढिले करता करता, माझ्याकडे न पाहता त्यांनी मला एकदा सांगितलं. "वर्षा पाण्याचा गिलास आणते. मी नाही म्हणतो. अन् मास्तर, तिची मान खाली जाते. साऱ्या घराले आठवते का लेकरू नाही. पाणी मी नाही पेत, अन् अटकते तिच्या गयात."

"मग प्या ना भाऊ पाणी. एक घोट प्यायल्यानं काय होतं?"

"माह्या बापानं हे रीत पायली, आज्यानं पायली. लेकरू व्हाचं असन अन् माह्या एका घोटापायी राह्यलं तं? तुमच्या सायन्समंदी हाये काय याचं उत्तर?"

उत्तर होतं, पण त्यांचा चेहरा पाहून मी फक्त पाना पुढे केला.

यावर भाऊंनी काढलेला तोडगा असा: दुपारचं जेवण उरकल्यावर पोचायचं आणि चारच्या चहाआधी निघायचं. हातात आपली पाण्याची बाटली धरूनच उतरायचं, म्हणजे ग्लास पुढे आला तरी "आताच पेलो" म्हणता येतं. रीतही मोडत नाही आणि लेकीची मानही खाली जात नाही. फक्त जीप पळायला पाहिजे. मी म्हणालो, माझ्या मेव्हण्याची कार आहे, ती घेऊन जाऊ. भाऊंनी मला वेड्यात काढलं. "दुसऱ्याची गाडी नेली का ड्रायवरले चहा पाजतात. त्याले आला का मंग मले बी येते." एक कप चहा टाळण्यासाठी अख्खं इंजिन बदलणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

काम घेतलं रशीदभाईंनी. त्यांचं गॅरेज रस्त्याला लागून आहे आणि वऱ्हाडातली निम्मी मोडकी वाहनं तिथे विसाव्याला असतात. त्यांनी बॉनेट उघडलं, आतून एक कोंबडी ओरडत बाहेर पडली, आणि रशीदभाई शांतपणे म्हणाले, "भाऊ, ये गाडी नाही, खुराडा है." तरी त्यांनी काम अंगावर घेतलं. अपघातात चेपलेल्या एका नव्या गाडीचं डिझेल इंजिन मिळालं, तिचाच पाच गिअरचा बॉक्स बसला. परवानगीचे कागद आरटीओतून तीनदा परत आले, चौथ्यांदा भाऊ साहेबासमोर डबा उघडून बसले. "तुमचं होऊ द्या, मी जेवून घेतो," म्हणाले. त्या दिवशी सही झाली.

पहिली चाचणी किन्हीराजाच्या दिशेनं. इंजिन नवं होतं, ब्रेक जुनेच होते, आणि हे लक्षात यायला किन्हीराजा यावं लागलं. गाव आलं, भाऊंनी ब्रेक दाबला, गाव गेलं. भाऊ दोन्ही पायांनी ब्रेकवर जवळजवळ उभे राहिले. शेवटी जीप एका तुरीच्या शेतात शिरली आणि तुरीनंच ती थांबवली. शेतकरी धावत आला. आता शिव्या पडणार म्हणून मी डोळे मिटले, तर तो म्हणाला, "काहो बाप्पा, तूर सोंगाले मशीन आणली काय?" रशीदभाईंनी ऐकून कपाळाला हात लावला. "भाऊ, पहले रुकना सीखो, फिर भागो." मग पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आले.

त्यानंतर सत्तरची भानगड. सत्तरला काटा टेकला की स्टिअरिंग थंडीतापाच्या रोग्यासारखं थरथरायचं आणि भाऊंच्या तोंडची वाक्यं तुकड्यातुकड्यांनी बाहेर पडायची. चाकं तोलून घेतली, खालचे स्प्रिंगचे पाटे नवे टाकले, स्टिअरिंगच्या झिजलेल्या खुंट्या बदलल्या, तेव्हा ते थांबलं. ऐंशीला वरची ताडपत्री उडाली. आम्ही मागे येऊन पाहतो तो ती एका बाभळीवर पसरलेली आणि खाली एक शेळ्यावाला ऐसपैस पहुडलेला. त्याची झोप होईपर्यंत आम्ही बाजूला बसलो, कारण भाऊंचं म्हणणं, सावली त्यानं आधी धरली. पुढच्या महिन्यात जीपला पत्र्याचं छत आलं.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, पण एक गोष्ट खरी. काकू गेल्यावर दाढीसुद्धा न करणारा माणूस पहाटे उठून जीपला फडकं मारायचा, आणि भिंतीपलीकडून शीळ ऐकू यायची. मी रविवार का देत होतो, याचं खरं उत्तर ते आहे.

आणि मग तो दिवस आला, अर्थातच रविवारी. भाऊंचा हिशेब पक्का होता. सव्वादहाला जेवून निघायचं, तीन तास धरायचे, सव्वाला पोचायचं. शहरातली माणसं बाराला जेवतात, म्हणजे तोवर भांडीसुद्धा घासून झालेली. भाऊंनी पांढराशुभ्र शर्ट घातला होता, डोक्यावर कडक टोपी, दोन पायांमध्ये पाण्याची बाटली. नव्या महामार्गावर चढलो आणि त्यांनी पाचवा गिअर टाकला.

काय पळाली ती जीप! ऐंशी, पंच्याऐंशी, नव्वद. स्टिअरिंग हललं नाही, छत उडालं नाही. ट्रक मागे पडू लागले. एका ट्रकच्या ड्रायव्हरनं हिरवीगार जुनी जीप बाजूनं जाताना पाहिली आणि खिडकीतून अर्धा बाहेर येऊन हात हलवला. भाऊंनी टोपी काढून मांडीखाली ठेवली आणि मोठ्यांदा हसले. मी घाबरट माणूस आहे, पण मीसुद्धा ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही.

सव्वादोन तासांत आम्ही वर्षाच्या गल्लीच्या तोंडाशी होतो. भाऊंनी घड्याळ पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. साडेबारा.

"मास्तर, जरा पाहून या बरं. जेवणं झाले का?"

मी चालत गेलो, उघड्या दारातून डोकावलो आणि परत आलो. "भाऊ, आत्ता पोळ्या लाटताहेत. ताटं मांडायची आहेत."

"आता? अहो बारा कवाचे वाजले!"

"रविवार आहे. शहरात रविवारी उशिरा जेवतात."

हे त्यांच्या हिशेबात नव्हतं. आमच्याकडे रविवार असो की पोळा, भूक दहाला लागते. ज्या जीपचं एकेक मिनिट वाचवायला तीन वर्षं खपलो, तिच्यात आम्ही आता वेळ काढत बसलो. मला हसू आवरेना. भाऊ कोणाला दिसू नयेत म्हणून सीटवर घसरून खाली झाले. पण गल्लीत हिरवीगार जीप उभी राहिल्यावर आतला माणूस लपून काय उपयोग? पाच मिनिटांत पोरं जमली, बायका गॅलरीत आल्या, आणि कोणीतरी जाऊन वर्षाला सांगितलं.

ती धावतच आली. बापाला तसं घसरलेलं पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि एका क्षणात तिला सगळं उमगलं. ती तशीच परत फिरली. आली ती हातात ताट घेऊन. पोळी, भरल्या वांग्याची भाजी, वरण, भात, वर लिंबाची फोड.

"बाबा, उतरू नका," ती म्हणाली. "गाडी तुमची हाये ना? मंग गाडीतलं जेवण माह्या घरचं कसं होईन? बसा अठीच, अन् जेवा."

तिचा चेहरा आनंदानं नुसता फुलला होता. हा तोडगा तिनं आत्ता उभ्या उभ्या काढलेला नव्हता. इकडे बाप तीन वर्षं जीप जुळवत होता, तशी तीही तिकडे काहीतरी जुळवत असणार.

भाऊंनी ताटाकडे पाहिलं. मग तिच्या पायांकडे. घाईत चपला राहिल्या होत्या, आणि तापल्या डांबरावर ती एकदा हा पाय उचलत होती, एकदा तो. वरून गल्ली बघत होती. भाऊंनी दार उघडलं, खाली उतरले, तिच्या हातातलं ताट घेतलं आणि घराकडे चालू लागले.

"बाबा, कुठी?"

"घरात. लेक उनात उभी ठेवून कोणी जेवते काय?"

मी मागोमाग गेलो. पाण्याची बाटली जीपमध्येच राहिली. भाऊ सरळ आत गेले, सासूबाईंच्या खाटेशेजारी चटईवर बसले, ताट पुढे ठेवलं आणि घरभर ऐकू जाईल असं म्हणाले, "वर्षा, पाणी दे वं माय. लय तहान लागली."

तिनं ग्लास आणला. भाऊंनी तो एका दमात रिकामा केला. मग खाटेवरून विहीणबाईंचा खणखणीत आवाज आला, "इवाई, नऊ वर्सं लागले काहो तहान लागाले?"

सगळे हसले. जावई हसला, मी हसलो, भाऊ तर ठसका लागेपर्यंत हसले. वर्षा हसता हसता रडायला लागली आणि आणखी पाणी आणते म्हणून स्वयंपाकघरात गेली. माझेही डोळे भरून आले होते.

भाऊ चार पोळ्या जेवले. वांगी दोनदा मागून घेतली. हात धुताना मी हळूच म्हणालो, "भाऊ, रीत?" ते टॉवेलला हात पुसत म्हणाले, "जे व्हाचं ते होईन मास्तर. हे जे हाये, हे तं माहं लेकरूच हाये ना." आणि लगेच घसा साफ करून विचारलं, "तुमी बसनं गेले तं चालते काय? मी राह्यतो आज."

मी काय म्हणणार? जावयानं बसस्टँडवर सोडायचं कबूल केलं. वर्षानं माझ्या हातात डबा दिला. चपला घालताना मी आत पाहिलं, तर भाऊ चटईवर तिथेच आडवे झाले होते, टोपी बाजूला, तोंड उघडं, आणि सगळ्या घराला ऐकू जाईल असे घोरत होते. मी निरोप घ्यायला तोंड उघडलं, तर खाटेवरून सासूबाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला मास्तर," त्या कुजबुजल्या. "इवाई झोपले."