पार्श्वसंगीत मात्र उत्तम

ज्या गोष्टीचा शेवट कळत नाही ती थोर असते, हे आता सर्वमान्य झालेलं आहे. (शेवट कळला तर ती नुसतीच चांगली.) याच तत्त्वावर आमच्या गारखेड्यात 'गूढ चित्रपट रसास्वाद मंडळ' स्थापन झालं. दर रविवारी संध्याकाळी, मारुती मंदिराला लागून असलेल्या सभागृहात, डोकं गरगरवणारा एक परदेशी सिनेमा दाखवला जातो. मग चर्चा होते. चर्चेत 'कळलं नाही' हे शब्द उच्चारण्यास मनाई आहे. ज्याला कळलं नसेल त्यानं 'पार्श्वसंगीत मात्र उत्तम' असं म्हणावं, असा ठराव आहे. गेल्या वर्षभरात सर्वच सभासदांना पार्श्वसंगीत आवडलं.

मला याचं नवल नाही. मी कीर्तनातला माणूस. बुवा अद्वैतात फार खोल शिरले की आम्हीही मृदंगवाल्यालाच दाद देतो.

मंडळाचे अध्यक्ष तात्यासाहेब यांनी आपल्या मुलीच्या, द्वारकाच्या, लग्नालाही हीच कसोटी लावली होती. पत्रिका, पगार, शेती नंतर, आधी सिनेमा. एका स्थळानं शेवट नीट समजावून सांगितला, ते उथळ ठरलं. दुसऱ्यानं डोळे मिटून घेतले, ते जवळजवळ पसंत पडलं होतं. (मग घोरलं.) मुलगी तिशीकडे झुकली. अखेर तिनं स्वतःच पसंत केलेला, बजाजनगरात तिच्याच कंपनीत असलेला कन्नड तालुक्यातला रामकिसन सिनेमाला आला. दाराशीच तिनं त्याला बजावलं, "काहीही होवो, पार्श्वसंगीताचं बोल."

"अन् नाय आवडलं तर?"

"लग्न करायचंय का नाय?"

त्या दिवशी शेजारी मंदिरात सप्ताह होता. सिनेमात एक माणूस बंद दारासमोर उभा होता. लई वेळ उभा होता. इतक्यात भिंतीपलीकडून मृदंग ऐकू येऊ लागला. हात मी लगेच ओळखला, आमचे कडूबा वाजवत होते. सभागृहातून मात्र पडद्याला उद्देशून 'वा!' उमटली. माणसानं कडीला हात घातला आणि पडदा काळा झाला. थंडीचे दिवस, पंखे बंदच. मृदंग चालू, त्या अर्थी सिनेमाही चालू, असं मानून सभासद अंधाराकडे एकटक बघत बसले. कडूबांनी तिहाई घेतली तशा टाळ्या पडल्या. (मीही वाजवल्या. माझ्या कडूबांना होत्या.)

मंडळाच्या रिवाजाप्रमाणे मेणबत्त्या आल्या, चर्चा सुरू झाली. नानासाहेब म्हणाले, हा अंधार म्हणजे मृत्यू. वच्छलाबाई म्हणाल्या, नव्हे, गर्भ. तात्यासाहेब रामकिसनकडे वळले. "बोला पाहुणे. शेवट?"

रामकिसननं द्वारकाकडे पाहिलं. मग खाली पाहिलं. "लाइट गेली न जी."

सभागृह हसलं. "कलेतला अंधार यांना तारेतला बिघाड वाटतो!" तात्यासाहेबांनी हात जोडले. "या आता पाहुणे."

तेवढ्यात प्रोजेक्टरवाले हबीबभाई आत आले. "तात्यासाब, फ्यूज उड गया था. बिठा दिया. आधा घंटा बाकी है पिक्चर, लगाऊं क्या?"

नानासाहेबांचा मृत्यू आणि वच्छलाबाईंचा गर्भ, दोन्ही एकदम अडचणीत आले. तात्यासाहेबांनी घसा खाकरला. "उरलेला भाग दाखवणं हा दिग्दर्शकाचा अपमान होईल." ठराव एकमतानं मंजूर.

"लावा हबीबभाई, मला बघायचंय," द्वारका म्हणाली. "अन् तात्या, मी याच्याशीच लग्न करणार. घरातली लाइट गेली तर याला कळंल तरी."

सभासद उठून गेले. ते दोघं, हबीबभाई आणि मी बसलो. पडद्यावरचं दार उघडलं. आत त्या माणसाची बायको होती. ताट वाढलेलं होतं. तो हात धुऊन जेवायला बसला. संपलं. मला भरून आलं. हरिकथेतही भक्त शेवटी घरीच पोचतो.

वैशाखात लग्न झालं. कसं झालं विचारलं, तर तात्यासाहेब म्हणतात, "बँड मात्र उत्तम होता."

आपण इथपर्यंत आलात, म्हणजे कथा आपल्याला कळली असेलच. नसेल, तर कोणी विचारल्यावर 'भाषा मात्र उत्तम' एवढंच म्हणावं. पुढचं कोणी विचारणार नाही. विचारणाऱ्यालाही तेवढंच कळलेलं असतं.